शाळेतले ताट

साठ मुले हजर असली की पहिली ते पाचवीच्या शाळेत सहा किलो तांदूळ शिजतो. डाळ किंवा कडधान्य सव्वा किलोच्या आसपास, भाजी तीन किलो, तेल तीनशे ग्रॅम. एका मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असा हा सरकारी हिशेब आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत सकाळी हजेरी झाली की गुरुजी किंवा बाई पट मोजतात, आकडा स्वयंपाकाच्या खोलीत जातो आणि मावशी त्या आकड्याने तांदूळ काढून घेतात. आज मटकी, उद्या वाटाणा, परवा मूगडाळ. दुपारच्या सुट्टीत नळावर हात धुवायला गर्दी होते आणि मग व्हरांड्यात पंगत बसते. कागदोपत्री हा २०२१पर्यंत ‘शालेय पोषण आहार’, शिक्षकांच्या बोलण्यात ‘शापोआ’, मुलांसाठी नुसती खिचडी.

शाळेत आरोग्याच्या नावाने आता बरेच दिवस साजरे होतात. हात धुण्याचा दिवस असतो, योगाचा दिवस असतो, जंताच्या गोळीचा दिवस असतो. ते जरूर व्हावेत. पण प्राथमिक शाळेतल्या मुलाच्या शरीरापर्यंत रोज, न चुकता पोचणारी गोष्ट एकच आहे आणि ती हे ताट. म्हणून ते कुठून आले हे पाहायला हवे. मागे जावे तसतसे एक दिसत जाते. शाळेत मुलांना जेवू घालण्याचा विचार मुळात मुलाच्या तब्येतीसाठी असा फार क्वचित झाला. कुणाला पट वाढवायचा होता, कुणाला धडधाकट सैनिक हवे होते, कुणाकडे धान्य उरले होते. तब्येत या विचारात मागाहून आली आणि बहुतेक वेळा भांडूनच आली.

आपल्याकडे शिकणाऱ्या मुलाच्या पोटाची जुनी सोय म्हणजे माधुकरी आणि वार. सोमवारी एका घरी जेवायचे, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे सात वार लावून कितीतरी गरीब मुले शिकली आणि पुढे मोठी झाली. या पद्धतीचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र विसरली जाते. वार मिळायचा तो ब्राह्मणाच्या मुलाला. कुणब्याच्या पोराला किंवा अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या पोराला कुणाच्या स्वयंपाकघराशेजारी पान मांडून मिळणार होते? त्याच्यासाठी शाळेचे दार उघडले, तरी भुकेचे काय हा प्रश्न तसाच राहिला.

जोतीराव फुले यांनी हा प्रश्न जवळून पाहिला होता. १८७७च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून उपाशी मुलांना जेवू घातले, आणि त्या कामात सावित्रीबाई बरोबरीने उभ्या होत्या. पाच वर्षांनी, १८८२ साली, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. शेतकऱ्याचे मूल शाळेत का येत नाही, तर त्याला गुरे राखायची असतात आणि शेतात राबायचे असते, हेही त्यांनी तिथे मांडले. भूक आणि गैरहजेरी यांची गाठ महाराष्ट्रात इतक्या लवकर दाखवून दिलेली होती.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली ती त्याही आधीपासून. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणि एका पंगतीला बसवले. मुले स्वतः कामे करत, स्वयंपाकाला हात लावत. धान्य संपले आणि हातात पैसा उरला नाही तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासात ही गोष्ट आदराने सांगितली जाते आणि ती आदराचीच आहे. मला मात्र त्यात आणखी एक दिसते. मुलांच्या जेवणाला सरकारी तिजोरीत जागा नसली की ते कुणातरी बाईच्या गळ्यातून निघते. ही गोष्ट पुढेही येणार आहे.

हे सगळे वसतिगृहातले. गावात राहून शाळेत येणाऱ्या लहान मुलाला शाळेनेच दुपारी जेवण द्यावे हा विचार निराळा, आणि त्याला कायद्याचे रूप आधी इंग्लंडात मिळाले. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध चालले होते. भरतीला येणारे कामगार वस्त्यांतले तरुण इतके खुरटलेले निघाले की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. १९०४ साली तिचा अहवाल आला, १९०६ साली शाळकरी मुलांना जेवण देण्याचा कायदा झाला आणि १९०७ साली शाळेतल्या वैद्यकीय तपासणीचाही कायदा झाला. ब्रॅडफर्डसारख्या गिरणगावात मार्गारेट मॅकमिलन आणि तिचे सहकारी उपाशी मुलांसाठी आधीपासून झगडत होते. पण संसद हलली ती साम्राज्याला सैनिक कमी पडतील या भीतीने. जेवणाबरोबर डॉक्टरही शाळेत आला हा त्यातला मोठा लाभ. आपल्याकडे ही जोडी फार उशिरा जुळली आणि अजून नीट जुळलेली नाही.

तेच साम्राज्य भारतात काय करत होते? १९२० साली मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या शाळेत मुलांना दुपारचे खाणे द्यायचे ठरवले. जस्टिस पक्षाचे नेते पी. त्यागराय चेट्टी तेव्हा महापालिकेचे अध्यक्ष होते. खर्च मुलामागे रोज एक आण्यापेक्षा जास्त नको, अशी अट होती. शाळेत येणारी मुले अत्यंत गरीब घरांतली आहेत आणि त्यामुळे पट घसरतो, हे त्यामागचे कारण. खाणे सुरू झाल्यावर पट वाढला आणि आणखी काही शाळांत योजना गेली. मग सरकारने हरकत घेतली की प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून जेवणाचा खर्च करता येणार नाही. १९२५ साली ते बंद पडले आणि दोन वर्षांनी पुन्हा सुरू झाले. मायदेशात ज्यासाठी कायदा केला होता त्यावर इथे एक आणा खर्चायला मनाई! जेवण हा शिक्षणाचा भाग आहे की नाही हा वाद त्या दिवशी आपल्या देशात सुरू झाला.

त्याच मद्रास प्रांतात, निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत वॉलेस आयक्रॉइड १९३५पासून संचालक होते. मुलांच्या नेहमीच्या भाताच्या जेवणात साय काढलेल्या दुधाची भर घातली तर वजन-उंचीत फरक पडतो, हे तिथल्या प्रयोगांनी दाखवले. म्हणजे नुसत्या पोटभर भाताने भागत नाही, हे आपल्या शास्त्रज्ञांना नव्वद वर्षांपूर्वी माहीत होते. आजच्या खिचडीकडे पाहताना हे लक्षात ठेवावे.

स्वातंत्र्यानंतर शाळेत जे आले ते परदेशी डब्यांतून आले. युनिसेफची दूधभुकटी, अमेरिकेच्या १९५४च्या पीएल-४८० कायद्याखालचे जादा धान्य, ‘केअर’ संस्थेची पिठे. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी मराठी माणसांना शाळेतले भुकटीचे दूध आठवते, पितळी पेला घेऊन लावलेली रांग आठवते. १९७२च्या दुष्काळात सुकडी आली आणि मिलो नावाची तांबडी ज्वारी आली. खडी फोडणाऱ्या आईबापांच्या शेजारी बसून पोरांनी सुकडी खाल्ली आणि त्या वर्षी ती जगली. या मदतीला नावे ठेवायचा अधिकार मला नाही. एवढे मात्र खरे की ताटात काय पडणार हे इथल्या मुलांच्या गरजेवर ठरत नव्हते, तिकडे काय उरले आहे यावर ठरत होते. मदत आटली की ताटही आटायचे. या काळातले एक उदाहरण निराळे आहे आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. आणंदच्या दूधभुकटी कारखान्याला युनिसेफने यंत्रे दिली आणि त्या बदल्यात खेडा जिल्ह्यातल्या गरीब मुलांना दूध फुकट वाटायचे ठरले. १९५५ साली तो कारखाना सुरू झाला. परदेशी मदतीतून इथल्या शेतकऱ्याच्या गोठ्याचे आणि इथल्या मुलाच्या पेल्याचे नाते जुळवता येते हे तिथे दिसले. शाळेच्या ताटाबाबत मात्र आपण तो धडा घेतला नाही.

धडा घेतला तो तामिळनाडूने, आपल्या पद्धतीने. मुख्यमंत्री के. कामराज यांनी १९५६ साली गरीब मुलांसाठी शाळेत दुपारचे जेवण सुरू केले. त्यांची स्वतःची शाळा गरिबीमुळे लहानपणीच सुटली होती. पुढे १ जुलै १९८२ला एम. जी. रामचंद्रन यांनी ते राज्यभर मोठ्या प्रमाणावर नेले. एवढा पैसा कुठून आणणार, असे अर्थतज्ज्ञ विचारत होते. त्यांनी पैसा आणला. स्वयंपाकाला हजारो बायका नेमल्या, भात-सांबार शिजवले. १९८९ साली करुणानिधींनी त्यात अंडे घातले, आधी पंधरा दिवसांतून एकदा. सरकारे आलटून पालटून आली, एकमेकांचे सगळे मोडीत काढले, पण मुलांच्या ताटाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. उलट जो आला त्याने त्यात भर घातली.

केंद्राला जाग आली १५ ऑगस्ट १९९५ला. त्या दिवशी देशातल्या २,४०८ गटांत प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना सुरू झाली. पण बहुतेक राज्यांनी शिजवण्याची कटकट टाळली. महाराष्ट्रही त्यातच होता. ज्या मुलाची हजेरी ८० टक्के, त्याला महिन्याला तीन किलो तांदूळ. महिन्यातून एकदा पोरे पिशवी घेऊन शाळेत यायची, तांदूळ मोजून घ्यायची आणि पिशवी घरी जायची. घरात सहा तोंडे असली तर त्या तीन किलोंत शाळेत जाणाऱ्याचा वाटा किती? आणि तापाने पंधरा दिवस अंथरुणात काढलेल्या मुलाची हजेरी भरत नाही म्हणून त्याला तांदूळ नाही. ज्याला सर्वांत जास्त गरज, तोच बाद. हजेरीचा विचार तब्येतीच्या डोक्यावर बसला की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

पुढे २००१ साल आले. राजस्थानात दुष्काळ होता, लोक अर्धपोटी होते आणि देशाच्या सरकारी गोदामांत पाच कोटी टनांहून जास्त धान्य पडून होते. पीयूसीएल या संघटनेने एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २८ नोव्हेंबर २००१ला न्यायालयाने राज्यांना आदेश दिला: सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण द्या, किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले, वर्षातून किमान २०० दिवस. कोरडा तांदूळ देऊन हात झटकायची सोय संपली. आपल्याकडची खिचडी या आदेशाच्या पोटी जन्मली. वरणभात, भाजी-भाकरी न निवडता खिचडी निवडली, कारण तांदूळ केंद्राकडून येत होता, पातेले एकच होते, चूल एकच होती आणि बऱ्याच शाळांत शिजवायला खोलीसुद्धा नव्हती. वर्गाच्या मागे तीन दगडांवर शिजलेली ती खिचडी धुरकट लागायची, तरीही पोरे ताट चाटूनपुसून खात.

२००४च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली. स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमाती यांना प्राधान्य द्या. वाराच्या पद्धतीने ज्याला पंगतीतून बाहेर ठेवले होते त्याच्या घरची बाई आता सगळ्या गावाच्या पोरांचे जेवण शिजवणार होती. देशात ठिकठिकाणी त्यावरून तंटे झाले, काही पालकांनी मुलांचे जेवण तोडले, आणि अशा बातम्या अजूनही अधूनमधून येतात. पण लाखो शाळांत मुले एका पातेल्यातले खातात, शेजारी बसून खातात. सहा-सात वर्षांच्या वयात हे अंगवळणी पडणे हे आरोग्यच आहे, मग ते कुठल्या तक्त्यात मोजता येवो न येवो.

नंतरचे टप्पे भराभर सांगता येतील. २००६ साली प्राथमिकसाठी मान वाढून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने झाले. पुढे सहावी ते आठवीची मुलेही आली, त्यांच्यासाठी ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा हक्क झाले. त्याच वर्षी १६ जुलैला बिहारमधल्या धर्मासती गंडामन गावच्या शाळेत जेवणातल्या तेलात कीटकनाशक गेले आणि २३ मुले मेली. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने आणि मोठ्या माणसांनी जेवण चाखायचे, त्याची नोंद ठेवायची, हा नियम आपल्या शाळांत आज पाळला जातो त्याच्यामागे ती २३ मुले आहेत. चवीच्या रजिस्टरवर सही करणाऱ्या प्रत्येकाने हे मनात ठेवावे. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा पुन्हा कोरडे धान्य पालकांच्या हातात गेले. २०२१ साली योजनेचे नाव बदलून ‘पीएम पोषण’ झाले आणि शाळेच्या परसबागेवर भर आला. ज्या शाळांनी मनावर घेतले तिथे शेवगा, पालक, दोडका, कढीपत्ता थेट पातेल्यात जातो आणि तो लावणारी मुले तो आवडीने खातात.

एवढ्या खटाटोपाने मुलांच्या तब्येतीत काही फरक पडला का? पडला. आंध्र प्रदेशात दुष्काळात लहानपण काढलेल्या मुलांच्या वाढीवर झालेला आघात शाळेतल्या जेवणाने भरून निघाल्याचे अभ्यासकांनी २०१४ साली मांडले. २०२१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला त्याहून मोलाचा वाटतो. ज्या मुलींना लहानपणी शाळेत जेवण मिळाले, त्या मोठ्या होऊन आई झाल्या तेव्हा त्यांची मुले वयाच्या मानाने जास्त उंच भरली. ताटाचे फळ पुढच्या पिढीत दिसले. शाळेचा हिशेब वर्षाच्या हजेरीने करणाऱ्यांना हे कधी दिसणार नव्हते.

मग अंड्याचा घोळ इतका का व्हावा? २०२३च्या अखेरीस महाराष्ट्राने आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले, जे खात नाहीत त्यांना केळे. २०२५च्या जानेवारीत त्यासाठी वेगळा पैसा द्यायचे सरकारने थांबवले. अंडे द्यायचे तर लोकवर्गणीतून द्या. कुन्नूरला कळलेली गोष्ट, तामिळनाडूने १९८९ साली केलेली गोष्ट, आणि आपण वर्गणीवर सोडली. ज्या गावात वर्गणी जमते त्या गावच्या मुलांना अंड्याची गरज कमी असते, एवढा साधा विचारही यात नाही.

जपानमध्ये त्सुरुओका गावच्या शाळेत १८८९ साली गरीब मुलांना भाताचे मुटके आणि मासा देण्यापासून सुरुवात झाली. १९५४ साली कायदा झाला आणि २००५पासून शाळांत आहारशिक्षक नेमण्याची सोय झाली. तिथे मुले अंगावर एप्रन घालून स्वतः वाढतात, जेवणाची वेळ हा शिकण्याचा तास धरला जातो. आपल्याकडे तो तास कुणाचा? शिक्षक म्हणतात आम्हाला शिकवू द्या, तांदळाचा हिशेब आमच्या गळ्यात नको. त्यांचे चुकत नाही. हिशेब त्यांच्याकडून जरूर काढून घ्यावा. पण पंगत त्यांनी सोडू नये. मटकीला मोड का आणतात, पालेभाजी का खायची, सांडलेला भात कुणी पिकवला, हे सांगायला पंगतीइतकी चांगली जागा नाही.

शेवटी शिजवणाऱ्या मावशींविषयी. पंचवीस मुलांपर्यंत एक, शंभरपर्यंत दोन असा नियम आहे. म्हणजे आपल्या साठ मुलांना दोघी. सकाळी येऊन तांदूळ निवडणे, भाजी चिरणे, शिजवणे, वाढणे, भांडी घासणे, खोली धुणे. केंद्राने २००९ साली त्यांना महिना एक हजार रुपये मानधन ठरवले, तेही वर्षातल्या दहा महिन्यांचे. ती रक्कम केंद्राने त्यानंतर वाढवलेली नाही. महाराष्ट्राने आपली भर घालून ते अडीच हजारांवर नेले. महिनाभराच्या कामाचे अडीच हजार! साताऱ्यात लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिले ते स्वखुशीने आणि एका संस्थेच्या उभारणीसाठी. या बायकांकडून सरकार दरमहा त्यांची मेहनत काढून घेते आहे आणि तिला मजुरीसुद्धा म्हणत नाही, मानधन म्हणते. ज्या हाताने ४५० उष्मांकांचा कागद ताटात उतरतो, त्या हाताला किमान वेतन नसेल तर बाकीच्या सगळ्या आरोग्य-अभियानांना मी फारशी किंमत देत नाही.

वाचकांपैकी ज्यांचे गाव आहे, गावात शाळा आहे, त्यांनी एकदा दुपारच्या सुट्टीत तिथे जावे. गुरुजींना विचारून पंगतीत बसावे, घासभर खाऊन पाहावे, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत दोन विषय मांडावेत: अंड्याचे पैसे सरकारने द्यावेत, आणि मावशींना पगार मिळावा. तसा ठराव लिहून, सह्या करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा.